सुरुवातीला बरोबर, पुढे आवाज सरकतो : लांब व्हिडिओच्या सिंकचं दुखणं

सप्ताहाचा सीझन आला की एडिटिंग करणाऱ्या पोरांचे मला ठरलेले फोन यायला लागतात. दादा, कीर्तन दोन तासांचं आहे, पहिली दहा मिनिटं एकदम ओके आणि नंतर महाराजांचं तोंड एकीकडे नि आवाज दुसरीकडे, काय करू. मी विचारतो किती सरकलंय, तर उत्तर येतं "बरंच". आता बरंच म्हणजे किती ते सांग ना बाबा, त्यातच तर सगळं औषध आहे.

हे सगळं मी स्वतः एकदा नीट भोगलंय. आमच्याकडच्या सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन होतं, एक तास पन्नास मिनिटं, फोनवर शूट केलेलं, आवाज फोनचाच. एडिटरमध्ये टाकलं आणि बघतो तर महाराजांचे ओठ मागे राहतायत. मग मी काय केलं, जे सगळे करतात तेच. जिथे खटकलं तिथे कट मारला, आवाज चार फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) सरकवला, पुढे गेलो, परत खटकलं, परत कट. रात्री अडीचपर्यंत तीसेक कट झाले होते आणि शेवटाकडे आल्यावर कळलं की आता ओठ पुढे पळतायत आणि आवाज मागून येतोय, म्हणजे सगळं उलटं! आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, तसा प्रकार. तेव्हापासून एक नियम करून टाकलाय, आधी मोजायचं, मोजून होईपर्यंत टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमधल्या क्लिपच्या पट्टीवर, एकही कट मारायचा नाही.

पण मोजायच्याही आधी खोटे अलार्म बाद करा. पहिला म्हणजे ब्लूटूथ हेडफोन. ब्लूटूथवर आवाज उशिराच पोचतो, कधी कधी पाव सेकंदापर्यंत, आणि तुम्ही त्या हिशोबाने अख्खं कीर्तन सरकवून बसता, मग घरी टीव्हीवर लावलं की उलटं चुकतं. सिंक बघताना वायरवाला हेडफोन लावा, शंभर-दीडशे रुपयांचा असला तरी चालेल. दुसरा अलार्म, मशीन दमलेलं असणं. जुना लॅपटॉप, फोरके फुटेज, टाइमलाइन अडखळत चालतेय, आवाज पुढे जातोय आणि चित्र धापा टाकत मागून येतंय, तर हे सिंक नाही, हा प्लेबॅक आहे. तिथला दोन मिनिटांचा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा, त्यात बरोबर असेल तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजची हलकी कॉपी, बनवा आणि शांत व्हा. तिसरा जरा मजेशीर आहे, व्हीएलसी प्लेअरमध्ये के आणि जे ही बटणं दाबली की आवाज ५० मिलिसेकंदाने पुढेमागे होतो. चुकून हात लागला की फाइल चांगली असून पण खराब वाटते. एकजण एका फाइलसाठी तीनदा एक्स्पोर्ट मारून बसला होता या नादात.

आता मोजणी. आपल्याकडे क्लॅपबोर्ड (शूटिंगला टक् करून वाजवायची पाटी) नसतो, पण कीर्तनात त्याच्यापेक्षा भारी वस्तू असते, टाळ. टाळ वाजला की वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सुईसारखं टोक दिसतं आणि चित्रात दोन वाट्या एकमेकींना कधी भिडल्या तेही फ्रेमवर कळतं. लग्नाचा व्हिडिओ असेल तर टाळ्या धरा, व्याख्यान असेल तर प, ब, म ही अक्षरं धरा कारण त्यांना ओठ मिटावेच लागतात. कमीत कमी पाच ठिकाणी थांबायचं, सुरुवातीला, पाव अंतरावर, मध्यावर, पाऊण अंतरावर आणि अगदी शेवटी. प्रत्येक ठिकाणी टाळ भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचं टोक यात किती फ्रेमचा फरक आहे ते बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम सरकून मोजा आणि कागदावर लिहा, आवाज आधी की चित्र आधी तेही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नव्वद टक्के निदान त्या कागदावरच होतं.

माझ्या त्या कीर्तनाचा कागद असा होता. दहाव्या मिनिटाला आवाज ३ फ्रेम आधी. पंचावन्नाव्या मिनिटाला १५ फ्रेम आधी. पासष्टाव्या मिनिटाला एकदम उलटं, आवाज १२ फ्रेम उशिरा. पंचाऐंशीव्या मिनिटाला ७ फ्रेम उशिरा. आणि शेवटच्या आरतीला, बरोब्बर जुळलेलं! हे बघून मी डोक्याला हात लावला, म्हटलं हे काय भुताटकीचं आहे. मग साठाव्या मिनिटावर जाऊन बघितलं तर तिथे मंडपातली लाइट गेलीये, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत पाच सेकंद अंधार. टाळकरी थांबले पण नाहीत, पखवाज चालूच, फक्त चित्रात काळोख.

तर झालं काय होतं. फोन कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घ्यायचं ठरवतो, पण ते त्याच्या सोयीने पाळतो. उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ उघडं राहावं लागतं, म्हणून तो गपचूप २४ वर उतरतो, फोन तापला तरी फ्रेम गाळतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. यात फाइल खराब नसते, कारण प्रत्येक फ्रेमवर ती कितव्या क्षणाची आहे याचा शिक्का असतो आणि प्लेअर तो शिक्का बघून चालतो, म्हणून तीच फाइल व्हीएलसीमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत अगदी बरोबर दिसते. पण बऱ्याच एडिटरचा स्वभाव वेगळा, त्यांना सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर पाहिजेत. मग ते एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ असा सरासरी रेट काढतात आणि सगळ्या फ्रेम त्या मापाने एका ओळीत बसवतात. आमच्या फाइलमध्ये पाच सेकंद अंधारात प्रत्येक सेकंदाला ६ फ्रेम कमी, म्हणजे ३० फ्रेम गायब. ६६०० सेकंदांत १ लाख ९८ हजार ऐवजी १ लाख ९७ हजार ९७० फ्रेम, सरासरी २९.९९५. दिसायला किती किरकोळ! पण या मापाने प्रत्येक फ्रेम केसभर लांब होते, त्यामुळे चित्र हळूहळू मागे पडत जातं, साठाव्या मिनिटाला साधारण १६ फ्रेम मागे, आणि तिथे गायब झालेल्या ३० फ्रेममुळे एकदम झेप घेऊन १३-१४ फ्रेम पुढे, मग परत हळूहळू मागे येत शेवटी शून्य. कागदावरचे आकडे आणि हा हिशोब जुळला तेव्हा खरं सांगतो, काल्याचा प्रसाद मिळाल्याएवढा आनंद झाला.

म्हणून मी सरकणं किती आहे याच्यापेक्षा ते कसं आहे हे आधी विचारतो.

पहिला प्रकार, सरकणं झोके घेत असेल, म्हणजे कधी आधी कधी उशिरा, मधे झेप, आणि तीच फाइल साध्या प्लेअरवर बरोबर, तर व्हेरिएबल फ्रेमरेट. खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाकून ट्री व्ह्यू उघडा, व्हिडिओखाली फ्रेमरेट मोड व्हेरिएबल लिहिलंय का बघा आणि किमान-कमाल फ्रेमरेटमध्ये किती अंतर आहे तेही. आमच्यावाल्यात किमान २४च्या आसपास होता. फोनच्या जवळजवळ सगळ्याच फाइलवर व्हेरिएबल लिहिलेलं असतं, त्याने लगेच घाबरू नका, पाच मिनिटांच्या रीलमध्ये ते जाणवत पण नाही. लांब रेकॉर्डिंगमध्येच ते साचत जातं. स्क्रीन रेकॉर्डिंगला पण हाच आजार, आणि झूमच्या रेकॉर्डिंगला पण, पण झूमच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये थर्ड पार्टी व्हिडिओ एडिटरसाठी ऑप्टिमाइझ करा असा एक टिकमार्क आहे, ऑनलाइन क्लास किंवा कुटुंबाचं गेट-टुगेदर रेकॉर्ड करून नंतर कापणार असाल तर मीटिंगच्या आधी तो लावून ठेवा.

यावर उपाय एकच, एडिटिंग सुरू करायच्या आधी फाइल कॉन्स्टंट फ्रेमरेटला बदलून घ्यायची. हँडब्रेक नावाचं फाइल बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फाइल ओढा, व्हिडिओ टॅबमध्ये जा, फ्रेमरेटच्या जागी सेम ॲज सोर्स असतं तिथे हाताने ३० निवडा, आणि त्याच्या खाली कॉन्स्टंट फ्रेमरेटचं बटण दाबा. हे बटणच सगळे विसरतात, पीक फ्रेमरेटवर राहून जातं आणि मग म्हणतात हँडब्रेकने काही होत नाही. क्वालिटीचा आकडा १८च्या आसपास ठेवा, त्यात आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, उलटं आहे ते. ऑडिओ टॅबमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले तो आकडा) ४८ करा. आणि दोन तास चालवायच्या आधी स्टार्ट-स्टॉप देऊन पाच मिनिटांचा नमुना काढून बघा, नाहीतर रात्रभर मशीन चालवून सकाळी कळायचं की उभा व्हिडिओ आडवा झालाय.

काहीजण म्हणतात थेट प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्येच कन्व्हर्ट कर, एडिटिंगला हलकं पडतं. बरोबर आहे, शटर एन्कोडर नावाच्या सॉफ्टवेअरमधून ते फुकटात होतंही, पण आधी डिस्क बघा. साधा प्रोरेस ४२२, फुल एचडी, २५ फ्रेमला सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट खातो, म्हणजे आमचं एक कीर्तन १०० जीबीच्या आसपास, ३० फ्रेमला त्याहून जास्त, आणि सप्ताहात कीर्तनं सात! माझ्यासारख्या ५१२ जीबीवाल्या माणसाने एच.२६४ या हलक्या फॉरमॅटमध्ये २० मेगाबिटच्या आसपास राहावं, एक कीर्तन १६-१७ जीबीत बसतं.

फ्रेमरेट बदलताना अजून एक, शूट ३० ला असेल तर ३० च ठेवा. आपल्याकडे टीव्ही २५ वर चालायचा म्हणून काही जुने लोक सगळंच २५ करतात, पण ३० चं २५ करताना दर सहावी फ्रेम उडते आणि पखवाजवाल्याचा हात झटके खायला लागतो, लगेच दिसतं. यूट्यूबला ३० चालतं, २५ पण चालतं, तिकडून काही तक्रार येत नाही.

अर्धं एडिटिंग झाल्यावर हे सगळं कळलं तर? तर वाईट बातमी आहे. नवीन फाइल जुन्याच्या जागी रिप्लेस करता येते, पण आतलं टायमिंग बदललेलं असतं, त्यामुळे तुमचे सगळे कट काही फ्रेम इकडेतिकडे होणार. कटवाल्या रीलला चालून जाईल, कीर्तनात प्रत्येक कट परत बघावा लागेल. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक पळवाट आहे, क्लिप सोर्समध्ये उघडून इफेक्ट कंट्रोल्समध्ये सोर्स सेटिंग्ज बघा, तिथे व्हेरिएबल फ्रेमरेटसाठी प्रिझर्व्ह ऑडिओ सिंक असा पर्याय मिळतो, तो निवडला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. तरी दोन तासांच्या फाइलला मी कन्व्हर्टच करतो, माझा विश्वास नाही बसत.

आता दुसरा प्रकार. सरकणं सरळ रेषेत वाढतंय, मध्यावर ४ फ्रेम तर शेवटी ८, झेप नाही, दिशा बदलत नाही. इथे बघायचं की आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता का. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ, दोघांचा सेकंद अगदी तंतोतंत सारखा नसतो, लाखात चार-पाच भागांचा फरक सहज पडतो, आणि एक तास पन्नास मिनिटांत तेवढ्याने पाव ते तृतीयांश सेकंद होतो, २५ फ्रेमच्या हिशोबात सात-आठ फ्रेम. यात कोणाची चूक नाही, स्वस्त उपकरणात असंच असतं. यासाठी आवाजाचा स्पीड बदलायला जाऊ नका, एडिटरच्या स्पीडच्या खान्यात एवढा बारीक आकडा सहसा बसतच नाही, तुम्ही १००.०१ टाकलं की गाडी दुसऱ्या बाजूला जाते. सरळ आवाजाचे पाच-सहा तुकडे करा, अभंग संपून महाराज निरूपणाला लागतात तिथे किंवा पाणी प्यायला थांबतात तिथे, आणि प्रत्येक तुकडा त्याच्या मध्यावर जुळवा. कुठल्याच तुकड्यात एक फ्रेमच्या वर चूक राहत नाही. गजर चालू असताना कट मारू नका, टाळाचा ठेका एका फ्रेमनेही तुटला तर कानाला कळतं, बोलण्यात कोणाला पत्ता लागत नाही.

सरळ रेषेतच आहे पण आकडा प्रचंड आहे, तासाला ३.६ सेकंद? हा आकडा लक्षात ठेवा, तो ओळखपत्रासारखा आहे. ३० आणि २९.९७ यांच्यातला फरक बरोबर एवढाच येतो, हजारात एक. कुठेतरी कोणीतरी क्लिपचा फ्रेमरेट हाताने बदललाय, प्रीमियरमध्ये इंटरप्रिट फुटेज, रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटरमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्स, तिथे जाऊन मूळ आकड्यावर आणा. आणि रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेमरेट फुटेज आत घ्यायच्या आधीच ठरवा, एकदा काम सुरू झालं की तो खाना करडा होतो आणि मग बदलायला हात पोचत नाही.

तिसरा प्रकार, फरक सगळीकडे सारखाच, सुरुवातीला २ फ्रेम, शेवटी पण २ फ्रेम. हा सगळ्यात सोपा, पण याच्यात एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या एका फ्रेममध्ये १४ मीटरच्या आसपास. मंडपाच्या मागच्या टोकाला, २८ मीटरवर कॅमेरा लावला तर त्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो. आता महाराजांजवळ रेकॉर्डर ठेवला होता, त्याचा आवाज बरोबर वेळेवरचा आहे, आणि तुम्ही एडिटरला सांगता वेव्हफॉर्म बघून आपोआप सिंक कर. तो बिचारा इमानदारीने रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या उशिराच्या आवाजाला जुळवतो, म्हणजे चांगला आवाज पण दोन फ्रेम उशिरा करून ठेवतो! त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्याला ऑटो सिंक केल्यावर रेकॉर्डरचा आवाज अंतराच्या हिशोबाने एक-दोन फ्रेम आधी सरकवा, झूम लावून घेतलेल्या क्लोजअपला तर नक्कीच.

चौथा प्रकार, ठराविक जागी झटका, आणि त्याच्या मधे सगळं बरोबर. कॅमेऱ्याच्या फाइलला हे होतं, बरेच कॅमेरे ४ जीबी झाली की नवीन फाइल सुरू करतात. कार्डातल्या नुसत्या व्हिडिओ फाइल उचलून आणल्या की जोडावर काही फ्रेमचा आवाज गायब होऊ शकतो, विशेषतः एव्हीसीएचडी फॉरमॅटवाल्या कॅमेऱ्यांत. कार्डातलं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा आणि एडिटरच्या मीडिया ब्राउझरमधूनच आत घ्या, मग तो तुकडे एकच क्लिप म्हणून जोडतो. कार्ड फॉरमॅट करून झाल्यावर हे वाचत असाल तर जोडावर हाताने जुळवा, दुसरा इलाज नाही.

एक जुनी समजूत पण मोडायचीये. सिंक बिघडलं की अर्धे लोक म्हणतात सॅम्पल रेटचा, ४४.१ आणि ४८ चा घोळ असेल. तो घोळ खरंच झाला तर आवाज आठ-नऊ टक्क्यांनी पळतो किंवा रेंगाळतो, महाराजांचा आवाज एकदम बारीक पोरासारखा नाहीतर घोगरा होतो, पेटीचा सूर पट्टी सोडतो. सूर जागेवर असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

रेकॉर्डिंगलाच काळजी घेतली तर यातलं निम्मं येतच नाही. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली ऑटो एफपीएस असतं, ते बंद. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर हाताने १/५० वर लॉक करा, मग अंधारात चित्र काळं पडेल पण फोनला फ्रेम लांबवायचं कारण उरत नाही, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट-हॅलोजनची फडफड पण १/५० किंवा १/१०० ला थांबते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात फ्रेमरेट आणि शटर दोन्ही ठरवून देता येतात. फोन एअरप्लेन मोडवर, कव्हर काढून, आणि चार्जिंगला लावून ठेवणार असाल तर पंख्याच्या वाऱ्यात. फाइल व्हॉट्सॲपवरून मागवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधी पाठवली की ती परत चेपली जाते आणि मग निदान करायलाही मूळ काही उरत नाही.

आणि टाळकऱ्यांपैकी कोणा एकाला आधीच सांगून ठेवा, कीर्तन सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळ वाजव, आणि आरती झाल्यावर परत एकदा. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांना आता सांगावंही लागत नाही, कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला की स्वतःच समोर येऊन वाजवतात आणि विचारतात, आला का रे पोरा नीट?